अठरा तासांच्या तयारीवर अठराशे तास

तीन वर्षांचं मूल अंगणवाडीत येतं आणि सहा वर्षं पूर्ण झाली की पहिलीत जातं. १० मे २०२३ रोजी केंद्र सरकारने ‘पोषण भी, पढ़ाई भी’ हा कार्यक्रम सुरू केला आणि अंगणवाडीत रोज किमान दोन तास पूर्वप्राथमिक शिक्षण झालं पाहिजे, असं ठरवलं. पूरक आहार वर्षाचे ३०० दिवस द्यायचा असतो, म्हणजे अंगणवाडी तेवढे दिवस उघडी राहते असं धरू. रोजचे दोन तास, वर्षाचे तीनशे दिवस, अशी तीन वर्षं: १,८०० तास. हे तास घेणाऱ्या सेविकेला त्याच कार्यक्रमात प्रशिक्षण मिळतं तीन दिवसांचं. दिवसाचे सहा तास मोजले तर १८ तास.

जुन्या सेविकांच्या गाठीशी आणखी एक शिदोरी असते. एकात्मिक बालविकास योजनेत रुजू झाल्यावर कामाचे २६ दिवस चालणारं प्रशिक्षण ठरलेलं होतं; त्याच हिशेबाने ते १५६ तास होतात. पण त्यात योजनेच्या सहाही सेवा बसवायच्या होत्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य व आहार शिक्षण आणि पूर्वशालेय शिक्षण. सहात समान वाटणी केली तरी मुलांना शिकवण्याच्या वाट्याला २६ तास येतात.

आता दुसऱ्या टोकाचा हिशेब. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ च्या विनियमांत पूर्वप्राथमिक शिक्षकासाठी बारावीला ५० टक्के गुण आणि दोन वर्षांची पदविका अशी किमान अर्हता ठरवली आहे. पदविकेच्या महाविद्यालयाने वर्षाला २०० दिवस आणि आठवड्याला ३६ तास चालायचं. आठवड्याचे सहा दिवस धरले तर हे वर्षाला १,२०० आणि दोन वर्षांत २,४०० तास होतात. वर्गात ८० टक्के आणि शाळेतल्या प्रत्यक्ष अनुभवकाळात ९० टक्के हजेरी लागते. फिनलंडमध्ये बालशिक्षकाला तीन वर्षांची विद्यापीठ पदवी घ्यावी लागते. तिथे वर्षाचा अभ्यास १,६०० तासांचा मानतात, म्हणजे ४,८०० तास.

१८, १५६, २,४०० आणि ४,८००. या आकड्यांत जे अंतर आहे ते घेऊन तीर्थपुरीत येऊ.

तीर्थपुरी हे जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातलं बाजाराचं गाव. तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी, रानात जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी, गावाजवळ समर्थ सहकारी साखर कारखान्याचं दुसरं युनिट. मत्स्योदरी शिक्षण संस्थेचं महाविद्यालयही गावात आहे. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवावी, तिचं काम पुढे पडणार आहे. २०११ च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९,५९,०४६ होती. साक्षरता ७१.५२ टक्के, स्त्रियांची ६०.९५ टक्के. राज्यात स्त्रियांचं प्रमाण त्या वेळी ७५.८७ टक्के होतं. त्या जनगणनेच्या वेळी ज्या मुली प्राथमिक शाळेत होत्या, त्याच आज इथल्या अंगणवाडीत मूल पाठवणाऱ्या आया आहेत आणि नव्याने भरती होणाऱ्या सेविकाही.

ग्रामीण भागात ४०० ते ८०० लोकवस्तीमागे एक अंगणवाडी असा निकष आहे. वरची मर्यादा घेऊ. महाराष्ट्राचा जन्मदर नमुना नोंदणी पाहणीप्रमाणे २०२० मध्ये हजारी १५ होता. ८०० वस्तीत वर्षाला १२ जन्म, म्हणजे तीन ते सहा वयाची साधारण ३६ मुलं. काही मुलं खासगी केजीच्या व्हॅनमध्ये बसतात, तरी वीस-पंचवीस उरतात. २०१३ च्या राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरणाने या वयाच्या २० मुलांमागे एक प्रौढ असं प्रमाण सांगितलं आहे. सेविका आणि मदतनीस अशा दोघी असल्या की कागदावर गणित जुळतं. प्रत्यक्षात मदतनीस खिचडीच्या पातेल्यापाशी असते आणि सेविका वजनकाट्यापाशी, नोंदवहीत किंवा मार्च २०२१ पासून आलेल्या पोषण ट्रॅकरच्या अ‍ॅपमध्ये. रेंज मिळेना म्हणून फोन हातात धरून अंगणात उभी राहिलेली सेविका मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात दिसेल.

म्हणून माझं म्हणणं असं की, प्रशिक्षणाचा प्रश्न आधी तासांचा आहे आणि मग प्रमाणपत्राचा. मुलाला बाईचे किती तास मिळतात आणि बाईला शिकायला किती तास मिळतात, हे दोन आकडे एकत्रच बघावे लागतात.

याला भक्कम पुरावा तमिळनाडूतला आहे. अलेहांद्रो गानिमियन, कार्तिक मुरलीधरन आणि ख्रिस्तोफर वॉल्टर्स या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या ३२० अंगणवाड्यांत प्रयोग केला. त्यांतल्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडलेल्या निम्म्या केंद्रांत अर्धवेळ काम करणारी एक जादा कार्यकर्ती दिली आणि तिच्याकडे फक्त मुलांना शिकवण्याचं काम सोपवलं. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला. दीड वर्षाने मुलांची गणितातली प्रगती ०.२९ आणि भाषेतली ०.४६ प्रमाण विचलनाने पुढे गेलेली आढळली, आणि खुरटलेपणाचं प्रमाणही घटलं. या जादा कार्यकर्त्या काही विद्यापीठाच्या पदवीधर नव्हत्या. जो वेळ नुसता मोकळा केल्याने एवढा फरक पडतो, तो जाणत्या हातात गेला तर काय होईल, हा विचार यातून पुढे येतो. पदविका निरुपयोगी आहे असा या निष्कर्षाचा अर्थ काढणं मात्र चूक ठरेल.

जाणता हात म्हणजे काय, हे एका साध्या उदाहरणातून बघू. चार वर्षांच्या मुलीसमोर सात चिंचोके ठेवले. ती वीसपर्यंत अंक घडाघडा म्हणते, आई कौतुकाने बघते. पण बोट एका चिंचोक्यावर असताना तोंडातून दोन अंक निघून जातात आणि ‘किती झाले?’ म्हटल्यावर ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. तयारी नसलेली बाई तिला शाबासकी देऊन वहीत शंभरपर्यंत आकडे गिरवायला लावते. पालकांनाही तेच हवं असतं, कारण वही घरी दिसते. शिकलेली बाई वेगळं काही तरी बघते: एका वस्तूला एक अंक ही जोडी अजून बसलेली नाही, आणि शेवटचा अंक म्हणजे एकूण संख्या हेही उमगलेलं नाही. ती चिंचोके सातावरून चारावर आणते, चार वाट्या मांडते, एकेका वाटीत एकेक टाकायला लावते आणि मग विचारते, ‘वाट्या जास्त की चिंचोके?’ दहा मिनिटांचं काम. पण ही दहा मिनिटं सुचायला बालमानसशास्त्र वाचलेलं असावं लागतं आणि कुणाच्या तरी नजरेखाली पाच-पन्नास वेळा करून पाहिलेलं असावं लागतं. तीन दिवसांत त्याची तोंडओळख होईल, सवय होणार नाही.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. सेविका त्याच गावची रहिवासी असावी, ही अट कुठल्याही विद्यापीठाला देता येणार नाही असं काही देते. जालना जिल्ह्यात बंजारा तांडे पुष्कळ. तांड्यावरचं मूल घरी गोरमाटी बोलतं. त्याला पहिल्या दिवशी ‘इकडे ये’ हे त्याच्या भाषेत सांगणारी बाई मिळाली तर ते रडायचं थांबतं. बाहेरून दोन वर्षांची पदविका घेऊन आलेल्या शिक्षिकेला हे जमायला कितीतरी महिने जातील. त्यामुळे ‘सेविकांना बाजूला सारा, शिकलेल्या शिक्षिका नेमा’ हा उपाय मला पटत नाही. आहेत त्या बायांनाच शिकवावं.

नवं शैक्षणिक धोरण हेच म्हणतं. २९ जुलै २०२० च्या या धोरणानुसार बारावी किंवा त्याहून जास्त शिकलेल्या सेविकांना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांना एका वर्षाची पदविका द्यायची आहे. ती टीव्ही वाहिन्या आणि स्मार्टफोनवरून, नोकरी न सोडता, महिन्यातून किमान एक प्रत्यक्ष संपर्कवर्ग घेऊन. लक्ष्य २०३० चं. राज्यात ९७,४७५ अंगणवाड्या आणि १३,०११ मिनी अंगणवाड्या मोजल्या जात, मिळून १,१०,४८६. नव्या भरतीला आता बारावीची अट आहे, पण दहावीवर लागलेल्या जुन्या सेविका हजारोंनी आहेत आणि त्यांच्या वाट्याला वर्षभराची पदविका येते.

नोकरी करताना किती अभ्यास झेपतो? इग्नूची बालसंगोपन व शिक्षण पदविका ३२ श्रेयांकांची आहे. एका श्रेयांकाला ३० तास धरतात, म्हणजे ९६० तास. प्रवेशाला बारावी पुरते. अंगणवाडी, घर आणि हंगामात शेत सांभाळून सेविकेने आठवड्याला सहा तास काढले तर १६० आठवडे लागतील, म्हणजे तीन वर्षं. तिने कसंबसं दहा तास काढले तरी जवळजवळ दोन वर्षं. सहा महिन्यांत, म्हणजे २६ आठवड्यांत, आठवड्याला सहा तासांनी १५६ तासच होतात. जुन्या २६ दिवसांच्या प्रशिक्षणाएवढेच! फरक एवढाच की या वेळी ते सगळे तास मुलांच्या शिक्षणाला मिळतील. सहा महिन्यांचं प्रमाणपत्र ही पहिली पायरी म्हणून ठीक आहे. तेवढ्यावर शिक्षिका तयार झाली असं कुणी मानू नये.

नोकरी करत शिकण्याला महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र उभं केलं तेव्हा अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या वस्तीत न्यायची, हा प्रयोग या दोघींनी तिथे केला. १९५७ मध्ये काम कोसबादच्या टेकडीवर गेलं. अनुताई मॅट्रिक झाल्या त्या नोकरी करता करता, आणि पदवी घेतली ती १९६१ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर. पुढे १९८२ मध्ये त्यांनी रमेश पानसे यांच्यासह ग्राममंगल संस्था सुरू केली. चाळिशीतल्या सेविकेला अभ्यास जमेल का, अशी शंका ज्यांना येते त्यांनी हा क्रम आठवून बघावा.

आता पैशाचं बोलू, कारण त्याशिवाय बाकीचं बोलणं कोरडं आहे. राज्यात सेविकेचं मानधन २०२३ मध्ये ८,३२५ वरून १०,००० रुपये झालं, २०२४ मध्ये १३,०००, शिवाय कामगिरीनुसार प्रोत्साहन भत्ता. मधल्या काळात, ४ डिसेंबर २०२३ पासून जानेवारीअखेरपर्यंत, सेविकांनी दीर्घ संप केला. जिल्हा परिषद शाळेत पहिलीला शिकवणाऱ्या शिक्षण सेवकाला पहिली तीन वर्षं १६,००० रुपये मिळतात आणि नंतर २९,२०० रुपये मूळ वेतनाची श्रेणी लागते. पाच वर्षांच्या आणि सहा वर्षांच्या मुलाला शिकवण्यात एवढा फरक असल्याचं बालशिक्षणाचं कुठलंही शास्त्र सांगत नाही. धोरणाने तर तीन ते आठ हा एकच पायाभूत स्तर मानला आहे. सेविका ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सांगितलं, पण ‘मानधन’ अजून मानधनच आहे. पदविका पूर्ण करणाऱ्या सेविकेला महिन्याला ३,००० रुपये वाढवायचे ठरवलं आणि राज्यातल्या सगळ्या १,१०,४८६ जणी पात्र ठरल्या, तर वर्षाचा खर्च सुमारे ३९८ कोटी रुपये येईल. हा कमाल आकडा. सुरुवातीची काही वर्षं तो याच्या लहानशा हिश्श्याएवढाच असेल. एवढी तरतूद आधी जाहीर झाली, तर सेविका अभ्यासाला बसतील. अभ्यास आधी आणि वाढीचं नंतर बघू म्हटलं, तर प्रशिक्षण म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर.

आणि गाव? तीर्थपुरीच्या सेविकेने पदविकेच्या नियमित वर्गासाठी जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठायचं म्हटलं, तर आठवड्याच्या ३६ तासांची अट आणि अंगणवाडी एकत्र बसूच शकत नाहीत. एसटीने जाऊन येण्यातच दिवस सरतो. पण गावात महाविद्यालयाची इमारत उभी आहे, आणि जालना जिल्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या चार जिल्ह्यांपैकी एक आहे. विद्यापीठाने अभ्यासक्रम आखावा, परीक्षा घ्यावी, प्रमाणपत्र द्यावं; आणि संपर्कवर्ग महिन्यातून दोन शनिवारी याच महाविद्यालयाच्या खोल्यांत भरावा. आसपासच्या २५ अंगणवाड्यांची एक तुकडी, म्हणजे ग्रामीण भागातल्या एका पर्यवेक्षिकेचा साधारण गट. सेविकेच्या रोजच्या वर्गालाच प्रत्यक्ष अनुभवकाळ मानून श्रेयांक द्यावेत, पण नुसती हजेरी बघून नाही: पर्यवेक्षिकेने महिन्यातून एकदा अर्धा तास वर्गात बसून बघावं, आणि नंतर चिंचोक्यांवर, गाण्यावर, गोष्टीवर बोलावं. आज पर्यवेक्षिकेच्या भेटीत वही तपासली जाते, वर्ग क्वचितच पाहिला जातो. पर्यवेक्षिकेच्या निम्म्या जागा पाच वर्षं काम केलेल्या सेविकांतून भराव्यात, असं केंद्राचं मार्गदर्शक सूत्र आहे. पदविकेला तिथे वजन दिलं तर बढतीची एक वाटही खुली होईल.

वेळापत्रक मात्र विद्यापीठाच्या सोयीने करून चालणार नाही. दिवाळीनंतर ऊसतोड सुरू होते. तालुक्यातल्या तांड्यांवरची आणि वस्त्यांवरची कुटुंबं लेकरांसह बाहेरच्या कारखान्यांवर जातात आणि इथल्या कारखान्याच्या परिसरात दुसरीकडची कुटुंबं येऊन झोपड्या टाकतात. मार्चपर्यंत एका अंगणवाडीचा पट अर्ध्यावर येतो आणि दुसरीत नाव नसलेली मुलं दारात उभी राहतात. त्यांच्या १,८०० तासांतून दरवर्षी पाच महिने निसटतात, म्हणजे तीन वर्षांत ७५० तास. म्हणून संपर्कवर्ग जूनमध्ये सुरू होऊन ऑक्टोबरपर्यंत जोरात चालावेत, आणि हंगामातल्या महिन्यांत सेविकेला एकच काम द्यावं: आलेल्या टोळ्यांतली तीन ते सहा वयाची मुलं मोजणं, त्यांना आपल्या वर्गात घेणं आणि त्यांच्यासोबत काय केलं ते लिहून ठेवणं. इग्नूच्या पदविकेत ३२ पैकी ८ श्रेयांक प्रकल्पाला आहेत. तीर्थपुरीच्या सेविकेचा प्रकल्प हाच असावा.