आत्मविश्वासाच्या मोजपट्टीबाहेरचे सात कोटी

टाळेबंदीच्या वर्षात देशातील किती लघुउद्योग बंद पडले, या प्रश्नाला फेब्रुवारी २०२१ मध्ये संसदेत मिळालेले लेखी उत्तर त्रोटक होते. हे उद्योग संघटित आणि असंघटित अशा दोन्ही क्षेत्रांत असल्याने तात्पुरत्या अथवा कायमच्या बंद पडलेल्या घटकांची माहिती मंत्रालय ठेवत नाही, असा त्याचा आशय. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग खाते तेव्हा नितीन गडकरी यांच्याकडे होते. २०२२ साली, खाते नारायण राणे यांच्याकडे असताना, उत्तरात आकडे आले. सिडबीने २० राज्ये आणि दोन केंद्रशासित प्रदेशांतील १,०२९ घटकांची पाहणी केली होती. त्यांपैकी ६७ टक्के घटक २०२०-२१ मध्ये तीन महिन्यांपर्यंत तात्पुरते बंद राहिले आणि निम्म्याहून अधिक घटकांचे उत्पन्न पाव हिश्श्याहून जास्त घटले. सत्ताधारी बाकांना यातला 'तात्पुरते' हा शब्द सोयीचा, विरोधकांना ६७ हा आकडा. परंतु पाहणीला उत्तर देण्यासाठी जो हजर असतो तो तगलेला असतो, ही साधी बाब दोन्ही बाजूंच्या गैरसोयीची आहे. कुलूप लागलेल्या गाळ्यातून उत्तर येत नाही.

लहान व्यावसायिकाला उद्याविषयी काय वाटते, हे राज्यकर्त्यांना कळण्याचा मार्ग कोणता, हा म्हणूनच केवळ संख्याशास्त्राचा प्रश्न नाही. व्यवसायातील आत्मविश्वास मोजण्याची नियमित प्रथा भारतात उदारीकरणाबरोबर रुजली. दिल्लीच्या 'एनसीएईआर' या संस्थेची पाहणी १९९१ पासूनची, तर रिझर्व्ह बँकेची औद्योगिक दृष्टिकोन पाहणी १९९८ पासूनची. यांची रीत वरवर पाहता सोपी आहे. समजा, शंभरपैकी ४५ उद्योजक पुढील तिमाहीत परिस्थिती सुधारेल म्हणाले, ३० जण बिघडेल म्हणाले आणि उरलेले २५ 'जैसे थे' म्हणाले. वजाबाकी पंधरा, तीत शंभर मिळवले की निर्देशांक ११५. शंभराच्या वर आशा, खाली निराशा. धंदा किती वाढेल हे यातून कळत नाही; तो वाढेल असे किती जणांना वाटते, एवढेच कळते.

अशा पाहण्यांचे मोल त्यांच्या वेगात आहे. राष्ट्रीय उत्पन्नाचा तिमाही आकडा तिमाही संपल्यावर दोन महिन्यांनी येतो आणि नंतरही बदलत राहतो. मनःस्थितीचा आकडा त्याच्या आधी हाती पडतो. म्हणूनच २०१६ मध्ये अस्तित्वात आलेली पतधोरण समिती व्याजदर ठरवताना रिझर्व्ह बँकेच्या या पाहण्या समोर ठेवते. ज्याचे मत त्या कागदांत आहे त्याचे ऐकले जाते. आता ते कोणाचे असते, ते पाहावे. औद्योगिक दृष्टिकोन पाहणी कंपन्यांची आहे, म्हणजे कंपनी म्हणून नोंद झालेल्या कारखानदारांची. एनसीएईआरची पाहणी पुण्यासह सहा महानगरांतील सुमारे पाचशे आस्थापनांची. दर महिन्याला वृत्तपत्रांचे मथळे मिळवणारा वस्तुनिर्माण क्षेत्राचा 'पीएमआय' सुमारे चारशे उत्पादकांवर उभा असतो. उलट, कंपनी म्हणून नोंद नसलेल्या बिगरशेती घटकांची संख्या सरकारच्याच २०२३-२४ च्या पाहणीत ७ कोटी ३४ लाख आहे आणि त्यांत राबणारे हात १२ कोटींच्या वर आहेत.

नमुना लहान असणे हा दोष नव्हे. योग्य यादीतून निवडलेले हजार घटकही पुष्कळ सांगून जातात. दोष यादीत आहे. देशातील यच्चयावत आस्थापनांची यादी आर्थिक गणनेतून तयार व्हायची. सहावी गणना २०१३-१४ ची आणि सातवीचे अंतिम निकाल प्रसिद्धच झाले नाहीत. क्रिसिल आणि सिडबी यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांच्या हस्ते 'क्रिसिडेक्स' हा खास सूक्ष्म व लघुउद्योगांचा निर्देशांक सुरू केला. अकराशे घटक, आठ निकष, शून्य ते दोनशेची पट्टी. प्रयत्न प्रामाणिक होता. पण तो सुरू झाला तेव्हा नोटाबंदी आणि वस्तू व सेवा कर हे दोन्ही घाव बसून गेले होते.

पट्टीच्या मर्यादा दिसतात त्या प्रत्यक्ष धंद्याला ती लावून पाहिल्यावर. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी या दुष्काळी टापूतून बाहेर पडलेला गलाई व्यावसायिक देशातील बहुतेक मोठ्या सराफ बाजारांच्या आसपास सापडतो. दिल्लीही त्याला अपवाद नाही. लहानसा गाळा, भट्टी, मूस आणि गावाकडून आणलेली दोन पोरे. सराफाचे जुने सोने-चांदी आटवून शुद्ध करून द्यायचे, हे त्याचे काम. 'कच्च्या मालाचा साठा किती', या प्रश्नाला तो काय उत्तर देणार? माल सराफाचा. 'पुढील तिमाहीच्या मागण्या' असा प्रकारच नाही. सोने सकाळी येते, संध्याकाळी परत जाते. 'कामगारभरती वाढवाल का', हा प्रश्न तर या क्षेत्रात बहुतेकांना लागूच पडत नाही, कारण २०१५-१६ च्या पाहणीनुसार असे ८४ टक्के घटक पगारी माणसाविना चालतात. सोन्याचा भाव चढला की ग्राहक नवे घेणे थांबवून जुने मोडीत काढतो आणि भट्टीला काम मिळते. तेव्हा दागिने घडवणाऱ्याची निराशा ती गलाईवाल्याची आशा असू शकते. कारखान्यासाठी आखलेल्या प्रश्नावलीत ही गुंतागुंत मावत नाही.

अमेरिकेत लहान व्यावसायिकांच्या 'एनएफआयबी' या संघटनेची पाहणी १९७३ पासून चालू आहे आणि तिचा निर्देशांक दहा प्रश्नांवर बेतलेला आहे. तोही निर्दोष नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये ९८.४ वर असलेला हा निर्देशांक डोनाल्ड ट्रम्प यांच्या विजयानंतर डिसेंबरमध्ये १०५.८ वर गेला. एका महिन्यात दुकानांचा गल्ला इतका बदलत नसतो; बदलली ती दुकानदारांची राजकीय मनःस्थिती. तरीही सलग मालिका हाती असल्याने तेथे अशी उडी ओळखता येते आणि तिच्यावर वाद घालता येतो.

त्याच नोव्हेंबरच्या आठ तारखेला भारतात पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्या. रोखीवर चालणाऱ्या धंद्यांची मोठी नमुना पाहणी त्याच वर्षीच्या जूनमध्ये संपली होती. तीत ६ कोटी ३४ लाख घटक आढळले. त्यानंतरची वार्षिक मालिका सलग मिळते ती थेट २०२१-२२ पासून: त्या वर्षी ५ कोटी ९७ लाख, मग साडेसहा कोटी, मग ७ कोटी ३४ लाख. वस्तुनिर्माण करणाऱ्या अशा घटकांतील मनुष्यबळ ३ कोटी ६० लाखांवरून २०२२-२३ मध्ये ३ कोटी ६ लाखांवर आले. सरकार अलीकडची चढण दाखवते, काँग्रेस आधीची घसरण. नोटाबंदी, जीएसटी आणि महासाथ यांतील कोणी किती नुकसान केले, याचा निवाडा मात्र कोणालाच करता येत नाही, कारण मधली वर्षे कोरी आहेत. दोन्ही पक्षांना आपापली खात्री बाळगता येते ती या कोऱ्या पानांच्या जोरावर.

ही अदृश्यता नुसती आकड्यांपुरती राहत नाही. मे २०२० मध्ये जाहीर झालेली तीन लाख कोटींची आपत्कालीन पतहमी योजना २९ फेब्रुवारी २०२० रोजी उद्योगाच्या खात्यावर असलेल्या कर्जाच्या २० टक्के वाढीव कर्ज देणारी होती. मदत मोठी होती आणि तिने अनेकांना तारले. पण ज्याच्या नावावर आधीचे कर्जच नव्हते, त्याच्यासाठी २० टक्के म्हणजे शून्य. फेरीवाल्यांना पुढच्याच महिन्यात 'स्वनिधी'तून दहा हजारांचे कर्ज देऊ केले गेले. या दोहोंच्या मधला भट्टीवाला, पिठाच्या गिरणीवाला, शिलाईवाला बँकेच्या वहीत दिसत नव्हता आणि पदपथावरही नव्हता.

जुलै २०२० पासून 'उद्यम' नोंदणी आली आणि संसदेतील उत्तरांना आधार मिळाला. जुलै २०२४ मध्ये राज्यसभेत सांगण्यात आले की, चार वर्षांत नोंदणीकृत उद्योगांपैकी ४९ हजारांवर बंद पडले. त्यांत १२ हजारांहून अधिक, म्हणजे सर्वाधिक, महाराष्ट्रातील. मात्र या यादीत येण्यासाठी आधी नोंदणी हवी. नोंदच नसलेला धंदा बुडाला, तर तो या हिशेबात जन्मलाही नव्हता आणि मेलाही नाही.

सरकारी सांख्यिकी खात्याने २०२५ पासून या असंघटित घटकांचे तिमाही अंदाज प्रसिद्ध करायला सुरुवात केली, ही गेल्या कित्येक वर्षांतील सर्वांत महत्त्वाची सुधारणा म्हणावी लागेल. त्यांत घटकांची आणि कामगारांची संख्या असते. पुढची तिमाही कशी जाईल, याचा निर्देशांक नसतो. गिऱ्हाईक वाढेल की घटेल, उधारी वेळेत वसूल होते की नाही, तीन महिन्यांनी दुकान उघडे असेल का, असे तीन प्रश्न त्याच प्रश्नावलीत जोडायला नवा कायदा लागत नाही. अन्वेषक त्या गाळ्याच्या दारापर्यंत पोहोचतोच आहे.