‘महाराष्ट्रभर’ म्हणजे नक्की कुठवर? मुंबई दूरदर्शनचा इतिहास शोधताना

माझ्या पहिल्या संशोधन आराखड्यात एक वाक्य होतं: ‘सत्तरच्या दशकात मुंबई दूरदर्शनचे मराठी कार्यक्रम महाराष्ट्रभर पाहिले जात.’ गाईड सरांनी ‘महाराष्ट्रभर’वर पेन्सिलने गोल केला आणि विचारलं, “म्हणजे कुठवर?” मला उत्तर देता आलं नाही. त्या एका शब्दापायी माझे पुढचे चारेक महिने गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

आधी सरळ माहिती. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला टेलिव्हिजन सुरू झालं. देशातलं दुसरं केंद्र मुंबईचं, २ ऑक्टोबर १९७२ ला वरळीतून सुरू झालेलं. तेव्हा ते आकाशवाणीचाच भाग होतं. दूरदर्शन वेगळं झालं १९७६ मध्ये. ‘आमची माती आमची माणसं’, ‘गजरा’, ‘ज्ञानदीप’, मग ‘चिमणराव’ ही नावं तुम्ही घरी ऐकली असतीलच. स्मिता पाटील इथे मराठी बातम्या वाचायच्या. पण केंद्र निव्वळ मराठी नव्हतं. हिंदी, गुजराती, इंग्रजी कार्यक्रमही त्याच वेळेत बसवावे लागत. ‘छायागीत’ आणि तबस्सुम यांचं ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ही याच केंद्राचं.

आता गोलातला शब्द. टीव्हीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की संपलं. मुंबईचं चित्र पुण्याला दिसावं म्हणून सिंहगडावर प्रक्षेपण केंद्र उभारावं लागलं. म्हणजे सुरुवातीच्या वर्षांत ‘प्रादेशिक’ केंद्राचा प्रदेश हा मुख्यतः मुंबई-पुणे आणि आसपासचा पट्टा. राज्याच्या नकाशावर तो केवढासा दिसतो ते एकदा पेन्सिलने काढून बघा. त्यात सेट महाग, शिवाय रेडिओसारखा टीव्हीलाही परवाना लागायचा.

बाकीच्या महाराष्ट्रात टीव्ही मोठ्या प्रमाणावर पोचला तो ऐंशीच्या दशकात, आणि खरी मेख इथेच आहे. १९८२ मध्ये दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, रंगही आला. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह गेला. १९८४ च्या सुमाराला गावोगावी कमी शक्तीची प्रक्षेपण केंद्रं धडाधड उभी राहिली. ही केंद्रं उपग्रहावरून यायचं ते पुढे टाकायची, आणि उपग्रहावरून यायची दिल्ली! पी. सी. जोशी समितीच्या अहवालातही या दिल्लीकेंद्री कारभारावर टीका आहे. (तो अहवाल वाचाच. सरकारी अहवाल असूनही झोप येत नाही.)

परभणीच्या माझ्या मावशीला मी मोठ्या अपेक्षेने विचारलं होतं, “चिमणराव बघायचात का गं?” ती म्हणाली, “कशाचा चिमणराव! आमच्या गल्लीत टीव्ही आला तो इंदिराबाई गेल्या तेव्हा. आम्ही ‘हम लोग’ बघितलं.” मराठी घर, मराठी गल्ली, आणि टीव्हीशी पहिली ओळख हिंदीतून. मुंबई-पुण्याच्या आठवणी पुस्तकांत, दिवाळी अंकांत आल्या. मावशीच्या गल्लीची आठवण कुणी लिहिलीच नाही. आणि मी नेमक्या त्या छापील आठवणींवरून ‘महाराष्ट्रभर’ लिहून मोकळा झालो होतो.

“मग जुने कार्यक्रमच बघून घ्यायचे ना?” असं मलाही वाटलं होतं. पण त्या काळी टेप महाग. एका कार्यक्रमावर दुसरा रेकॉर्ड करणं ही रोजचीच गोष्ट, त्यामुळे बरंचसं पुसलं गेलंय. जे उरलं ते बहुधा गाजलेलं, म्हणून तेवढ्यावरून ‘तेव्हाचे कार्यक्रम किती दर्जेदार’ असं ठरवणं धोक्याचं. मी त्याऐवजी वर्तमानपत्रांत छापून येणारी रोजची कार्यक्रमपत्रिका उतरवायला घेतली. किती मिनिटं मराठी, किती इतर, राष्ट्रीय कार्यक्रम आल्यावर संध्याकाळ किती आक्रसली, हे त्यातून मोजता येतं. काम कंटाळवाणं आहे, डोळे दुखतात. छापलेलं आणि प्रत्यक्ष दाखवलेलं यात फरक पडू शकतो, हेही वहीत लिहून ठेवावं लागतं.

पुढे १९९४ मध्ये डीडी-१० आलं आणि २००० मध्ये त्याचं ‘सह्याद्री’ झालं. उपग्रहामुळे आता कुठे नकाशाचा आणि भाषेचा मेळ बसला, पण तोवर केबलवर खासगी वाहिन्याही आल्या होत्या. तो भाग पुढच्या लेखात.

आराखड्यातलं वाक्य सध्या असं आहे: ‘सत्तरच्या दशकात मुंबई, पुणे व त्यांच्या परिसरात.’ सरांनी आता ‘परिसरात’वर गोल केलाय.