ड्रॅगन, महासरट आणि दख्खनचा काळा पाषाण

सोलापुरांत विहीर खणावयास घेतली कीं फार खोल न जातां पहार काळ्या पाषाणावर आदळते. हा पाषाण एके काळीं रसरशीत शिलारस होता. सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वीं भूगर्भांतून त्याचे लोटामागून लोट आले, एकावर एक थिजले, आणि त्यांचेंच दख्खनचें पठार झालें. त्याच सुमारास पृथ्वीवरून महासरटांचें, म्हणजे डायनोसॉरांचें, राज्य संपलें. तेव्हां सोलापूरच्या एखाद्या मुलानें आग ओकणाऱ्या ड्रॅगनचें चित्र पाहून, "हाहि डायनोसॉरांबरोबर खरोखरच नांदत असेल काय?" असें विचारलें, तर वडीलमाणसांनीं तें हसण्यावारी नेऊं नये. प्रश्न चांगला आहे. उत्तर मात्र हाडांस विचारावें लागतें.

चित्रांतल्या ड्रॅगनला चार पाय असतात आणि शिवाय दोन पंख. येथेंच पहिली अडचण उभी राहते. पाठीचा कणा असलेल्या यच्चयावत् प्राण्यांत हातापायांच्या जोड्या दोनहून अधिक नाहींत. पांखराचा पंख हा त्याचा हातच होय, आणि वटवाघळाचाहि तसाच. डायनोसॉरांच्या काळीं टेरोसॉर नांवाचे उडणारे सरीसृप होते. त्यांचा पंख म्हणजे हाताच्या एका लांबलचक बोटापासून अंगापर्यंत ताणलेलें कातडें. अमेरिकेंत सांपडलेल्या क्वेट्झाल्कोआट्लसचे पसरलेले पंख टोकापासून टोकापर्यंत सुमारें ३३ फूट भरत. म्हणजे ड्रॅगननें दोन पायांचा हट्ट सोडला, तर त्याची ओळख या मंडळींत कोणाशीं तरी पटेल. आगीचें मात्र जमत नाहीं. एका जातीचा भुंगा पोटांतील दोन द्रव्यें एकत्र करून शत्रूवर उकळता फवारा सोडतो. ज्वाला मात्र तोहि काढूं शकत नाहीं.

मग ही कल्पना आली कोठून? चीनमध्यें प्राचीन प्राण्यांचीं दगड झालेलीं हाडें 'ड्रॅगनचीं हाडें' म्हणून औषधांत कुटून घालीत असत, एवढें ठाऊक आहे. माणसानें जिवंत डायनोसॉर पाहिला, ही गोष्ट मात्र संभवत नाहीं. मनुष्यजात तीन लाख वर्षांची. मधलें अंतर साडेसहा कोटींचें.

आपल्याकडे ड्रॅगन नाहीं, पण शेष आहे, कालिया आहे, वासुकि आहे. कच्छमधील पानंध्रो येथील कोळशाच्या खाणींत सांपडलेल्या मणक्यांवरून १९२४ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २०२४ सालीं, रूडकीच्या संशोधकांनीं एका प्रचंड सर्पाचें वर्णन प्रसिद्ध केलें आणि त्याचें नांव 'वासुकि इंडिकस' असें ठेविलें. लांबी अंदाजें ३६ ते ४९ फूट! समुद्रमंथनास दोरी म्हणून शोभावा असाच. परंतु तो ४.७ कोटी वर्षांपूर्वींचा. डायनोसॉर त्याच्या कितीतरी आधीं नाहींसे झाले होते.

डायनोसॉरांच्या दारांत वावरलेला सर्प निराळा, आणि त्याची हकीकत अधिक सुरस आहे. गुजराथेंतील ढोली डुंगरी गांवीं भूशास्त्रज्ञ धनंजय मोहबे यांना अंड्यांचें एक घरटें दगडांत सांपडलें. जवळचीं बारीक हाडें अंड्यांतून निघालेल्या पिलांचीं असावींत, असा त्यांचा समज झाला, आणि १९८७ सालीं तसें छापूनहि आलें. पुढें २००१ सालीं जेफ्री विल्सन हे अमेरिकन संशोधक तो दगड पाहत असतां, त्यांतील कांहीं मणके सर्पाचे आहेत, हें त्यांनीं ओळखलें. पुन्हां सर्व तपासणी झाली. २०१० सालीं विल्सन, मोहबे व त्यांचे सहकारी यांनीं मिळून खरी गोष्ट जगापुढें मांडली: सुमारें साडेअकरा फुटी सर्प एका फुटलेल्या अंड्याभोंवतीं वेटोळें घालून बसला होता, आणि शेजारीं जेमतेम दीड फुटाचें पिलूं होतें. या सर्पाचा जबडा आजच्या अजगराइतका फांकत नसे. अंडें गिळणें त्याच्या आवांक्याबाहेरचें. पिलूं बाहेर पडण्याची तो वाट पाहत असावा. तेवढ्यांत वादळी पावसानें आलेल्या गाळानें भक्षक आणि भक्ष्य दोघांनाहि एकत्र गाडलें, असा तर्क आहे. पहिला समज चुकीचा ठरला, तरी त्याच दगडावर पुन्हां नजर टाकण्यास मोहबे कचरले नाहींत, ही गोष्ट त्या शोधाइतकीच मोलाची आहे.

महाराष्ट्रांतहि असे अवशेष आहेत. चंद्रपूर जिल्ह्यांतील पिसदुरा गांवीं सांपडलेल्या, दगड झालेल्या शेणांत गवताचे सूक्ष्म अवशेष असल्याचें २००५ सालीं प्रसिद्ध झालें. तोंपर्यंत डायनोसॉरांच्या काळीं गवत नव्हतें, असें पुष्कळांस वाटे. एका शेणाच्या गोळ्यानें तें मत फिरविलें!

मग सोलापुरांत कांहींच कां सांपडत नाहीं? शिलारसांत हाडें टिकत नाहींत; तीं टिकतात गाळांत, आणि येथील गाळ असलाच तर पाषाणाखालीं दडलेला. १९९३ च्या भूकंपानंतर ईशान्येकडील किल्लारी येथें भूगर्भांत छिद्र घेतलें, तेव्हां सुमारें १,१०० फूट काळा पाषाण भेदल्यावर खालीं कांहीं फुटांचा गाळाचा पातळ थर लागला, आणि त्याखालीं अतिप्राचीन नाइस खडक. सोलापूरच्या विहिरींखालीं तसा थर असेल, तर त्यांत कोणाचीं हाडें आहेत, पंखवाल्याचीं कीं बिनपंखाच्याचीं, हें पाहण्यास आधीं वरचा सगळा पाषाण फोडावा लागेल.