स्वयंचलित सेवेची खरी कसोटी : तक्रार बंद झाली, पाणी आले का?

लखनौ : नळजोडणीचा अर्ज नेमका कोणत्या टेबलावर अडकला, हे शोधण्यासाठी नागरिकाला कार्यालयाच्या फेऱ्या माराव्या लागू नयेत, हे स्वयंचलित सेवा व्यवस्थापनाचे पहिले उद्दिष्ट असते. लखनौ छावणीसह त्या वेळच्या ६२ कॅन्टोन्मेंट बोर्डांसाठी १६ फेब्रुवारी २०२१ रोजी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी ‘ई-छावणी’ पोर्टलचे उद्घाटन केले. २० लाखांहून अधिक रहिवाशांना नागरी सेवा घरबसल्या मिळाव्यात, हा त्यामागील हेतू होता.

लष्कराच्या मध्य कमांडचे मुख्यालय असलेल्या लखनौ छावणीत पाणी, स्वच्छता, कर आणि परवाने यांची जबाबदारी महापालिकेकडे नसून कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे असते. छावणी अधिनियम, २००६ नुसार बोर्डाला नगरपालिकेचाच दर्जा आहे. भाडेपट्ट्याचे नूतनीकरण, जन्म-मृत्यू दाखले, पाणी व मलनिःसारण जोडणी, व्यापार परवाना आणि करभरणा या सेवा पोर्टलवर आणण्यात आल्या. संरक्षण संपदा महासंचालनालय, भारत इलेक्ट्रॉनिक्स, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र आणि ई-गव्हर्नमेंट्स फाउंडेशन यांनी ही प्रणाली संयुक्तपणे विकसित केली.

संकल्पना कोठून आली?

मोठ्या संस्थांच्या संगणक विभागांत सेवा कशी द्यावी, याची ‘आयटिल’ नावाची शिस्त ब्रिटिश सरकारच्या पुढाकाराने १९८० च्या दशकाच्या अखेरीस आकाराला आली. कामांचे वर्गीकरण हा तिचा गाभा. नागरी सेवेला ते सहज लागू पडते. दाखल्याची प्रत मागणे ही ‘सेवा विनंती’; नळाला पाणी न येणे हा ‘बिघाड’; एकाच गल्लीतून तीच तक्रार पुन्हा पुन्हा येणे ही ‘मूळ समस्या’. पहिल्या प्रकारातील बहुतांश काम संगणक पार पाडू शकतो. दुसऱ्यात तो तक्रार योग्य कर्मचाऱ्यापर्यंत पोहोचवतो. तिसऱ्यात मात्र तो केवळ इशारा देतो. जलवाहिनी बदलण्याचा निर्णय अभियंत्यालाच घ्यावा लागतो.

काम कसे पुढे सरकते?

ई-छावणीचा पाया असलेल्या ‘डिजिट’ या मुक्तस्रोत प्रणालीत प्रत्येक सेवेचे टप्पे, त्या टप्प्यावरील अधिकारी आणि कालमर्यादा आधीच निश्चित करता येतात. तक्रार नोंदली की ती वाटप अधिकाऱ्याकडे, तेथून प्रत्यक्ष काम करणाऱ्या कर्मचाऱ्याकडे जाते. काम झाल्याची नोंद झाल्यावर नागरिक समाधानाची श्रेणी देऊ शकतो किंवा तक्रार पुन्हा उघडू शकतो.

हा शेवटचा अधिकार सर्वांत मोलाचा आहे. कर्मचाऱ्याचे मूल्यमापन केवळ ‘बंद’ तक्रारींच्या संख्येवर झाले, तर पडद्यावरील आकडे सुधारतात आणि नळ कोरडाच राहतो. म्हणून पुन्हा उघडलेल्या तक्रारींचे प्रमाण हा निकाली काढलेल्या तक्रारींपेक्षा अधिक प्रामाणिक निकष ठरतो.

कोणती पथ्ये आवश्यक?

पहिले पथ्य म्हणजे आधी प्रक्रिया सोपी करणे. पाच अनावश्यक स्वाक्षऱ्या संगणकावर आणल्या, तर विलंबही संगणकीय होतो. दुसरे, मुदत उलटताच प्रकरण आपोआप वरिष्ठांकडे गेले पाहिजे. कालमर्यादेला अर्थ येतो तो त्यामुळेच. तिसरे, भाडेपट्ट्यासारख्या विषयात जमिनीची मालकी, वापर आणि अटी तपासाव्या लागतात. तेथे यंत्राने कागद जुळवावेत, निर्णय मात्र जबाबदार अधिकाऱ्यानेच कारणांसह द्यावा. चौथे, स्मार्टफोन नसलेल्या रहिवाशासाठी खिडकी सुरू असावी आणि तेथील अर्जही त्याच प्रणालीत नोंदला जावा. अन्यथा एकाच कार्यालयात दोन रांगा तयार होतात.

महाराष्ट्राशी संबंध

पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर आणि कामठी येथील कॅन्टोन्मेंट बोर्डांनाही हे सारे लागू आहे. छावण्यांतील नागरी भाग शेजारच्या स्थानिक स्वराज्य संस्थांत विलीन करण्याचे धोरण केंद्राने स्वीकारले असून हिमाचल प्रदेशातील योल छावणीचा दर्जा २०२३ मध्ये संपुष्टात आला. असे हस्तांतर होताना प्रलंबित अर्ज, कराच्या नोंदी आणि जुन्या तक्रारींचा इतिहास नव्या संस्थेच्या प्रणालीत सुरक्षित पोहोचला, तरच नागरिकाला पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहावे लागणार नाही.