कागदी बिजागरी

कामठीच्या ड्रॅगन पॅलेस या बौद्ध मंदिरामुळे जपान नागपूरकरांना अगदीच परका नाही. संपादकांनी जपानी घडीच्या पडद्यांवरच्या ऋतुचित्रांवर लेख मागितला, तेव्हा फुलांवर लिहायचं ठरलं होतं. मन मात्र बिजागरीत अडकलं.

हा पडदा म्हणजे ब्योबू. पूर्वी त्याचं प्रत्येक पान वेगळ्या चौकटीत असे आणि पानं भोकांतून ओवलेल्या दोऱ्यांनी बांधलेली असत. चित्र पानागणिक तुटे. १४व्या शतकाच्या सुमारास कागदी बिजागरी आली. कागदाची एक पट्टी या पानाच्या पुढून निघून फटीतून शेजारच्याच्या पाठीवर जाते, तिच्या खालची पट्टी नेमकी उलट. अशा पट्ट्या उंचीभर आलटूनपालटून चिकटवल्या की पान दोन्हीकडे वळतं आणि मधे फट दिसत नाही. खिळा नाही, लोखंड नाही. सहा पानांवर एकच फांदी सलग पसरू शकली ती या पट्ट्यांमुळे.

१८व्या शतकाच्या सुरुवातीला ओगाता कोरिनने सोनेरी वर्खावर नुसते आयरिस रंगवले. निळी फुलं, हिरवी पाती. पाणीही नाही, आकाशही नाही. पडदा नागमोडी उभा राहतो, म्हणून काही झुपके पुढे येतात, काही मागे सरतात. पुढे १८२१च्या सुमारास साकाई होइत्सूने कोरिननेच देव रंगवलेल्या एका पडदाजोडीच्या पाठीवर, रुपेरी वर्खावर, गवतं काढली: मेघगर्जनेच्या देवामागे पावसाने वाकलेलं उन्हाळी गवत, वाऱ्याच्या देवामागे झोडपलेलं शरदातलं. इतकी नेमकी कल्पना मला दुसरीकडे आढळली नाही.

महाराष्ट्राशी या कलेचा धागा जपानी चित्रकार अराई काम्पोने जोडला. १९१६ साली योकोहामात रवींद्रनाथांना शिमोमुरा कान्झानचा पडदा फार आवडला. त्यात बहरलेल्या प्लमखाली एक आंधळा तरुण उभा आहे. त्याची नक्कल काम्पोने केली, मग तो भारतात आला आणि १९१७-१८च्या हिवाळ्यात अजिंठ्याच्या भिंतींवरची चित्रं उतरवत बसला. त्या प्रती १९२३च्या भूकंपानंतरच्या आगीत तोक्योत जळाल्या. ही हानी आपलीही आहे.

पडदे वाचवायला नुसती आग टाळून भागत नाही. पानाच्या आत लाकडी जाळी, तिच्यावर खळीने चिकटवलेले कागदाचे थर, वर सरसात कालवलेले दगडी रंग. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. त्या कोरड्या हवेत लाकूड-कागद आकसतात, बिजागरी घडीवर फाटू लागते, रंगाचे पोपडे सुटतात. पावसाळ्यात उलट ताण, शिवाय बुरशी. खळ कसरीला आवडते. उजेडही बाधतो. तोक्योच्या नेझू संग्रहालयात कोरिनचे आयरिस एरवी वसंतातले थोडे आठवडेच मांडतात. होइत्सूची गवतं तर जपणुकीसाठी देवांच्या पाठीपासून सोडवावी लागली. निर्णय योग्यच होता, तरी मला तो सलतो.

असा पडदा नागपुरात यावा असं फार वाटतं. त्यासाठी वीज गेली तरी हवेतली आर्द्रता ढळणार नाही अशी खोली हवी, आणि चित्राच्या कडेला धक्का न लावता बिजागरी बदलू शकणारा हात आधी शोधायला हवा.