अकरा नंबर आला नाही

संध्याकाळचे सात वाजले होते. आमच्या मधुमेहाच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, बाहेरच्या बाकावर मी चौदा नंबर घेऊन बसलो होतो. काउंटरवरच्या ताईंनी पुकारलं, "अकरा!" कुणी उठलं नाही. त्यांनी पुन्हा पुकारलं, जिन्यात डोकावून पाहिलं आणि वहीत फुली मारली. "नाहीच आले. चला, बारा!"

खरं सांगायचं तर बाकावरच्या आम्हा मंडळींना आनंदच झाला. एक जण कमी झाला ना! शेजारचे गृहस्थ मात्र तापले. "लोकांना शिस्त म्हणून नाही. अशांना दंड केला पाहिजे, दंड!" त्यांनी माझ्याकडे दुजोऱ्यासाठी पाहिलं. मी नुसताच हसलो. कारण काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका दवाखान्यात फुली पडलेला तो अकरा नंबर मीच होतो.

मला मधुमेह आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तेव्हा पडदा तपासून सांगितलं होतं, "थोडी सुरुवात दिसतेय. घाबरू नका, पण सहा महिन्यांनी नक्की या." तारीख लिहून दिली. ती आली तेव्हा भाचीचं लग्न होतं. ते निमित्त खरंच होतं. पण पुढच्या महिन्यात काही कुणाचं लग्न नव्हतं. मग मी का गेलो नाही? तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा भलताच वर गेला होता. आंब्याच्या दिवसांत मी जीभ आवरली नव्हती. म्हटलं, आधी साखर खाली आणू, मग ताठ मानेनं जाऊ. अभ्यास झाला नाही म्हणून परीक्षेलाच न बसणाऱ्या मुलाचं गणित ते! बायको विचारायची, "तुमची तारीख होती ना?" मी म्हणायचो, "पुढच्या महिन्यात." असं करता करता दीड वर्ष गेलं.

डोळ्याच्या पडद्याचं दुखणं मोठं लबाड. सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही, दिसायला काही कमी येत नाही. एक दिवस लिहायला बसलो, तर वहीच्या आखलेल्या रेघा मधेच लाटेसारख्या वाकड्या दिसू लागल्या. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला याहून मोठी शिक्षा कोणती? मग धावाधाव, डोळ्यात इंजेक्शनं. आज उजव्या डोळ्यानं चांगलं वाचता येतं, डाव्यानं फक्त मथळे. वेळेवर गेलो असतो तर बहुधा ही पाळी आली नसती.

म्हणजे मी बेशिस्त होतो का? अहो, उभी हयात बँकेत काढली. चलनावर चुकीची तारीख दिसली तर मला झोप येत नसे. मी बेशिस्त नव्हतो, मला लाज वाटत होती.

ही लाज मी बँकेतही पाहिली होती, फक्त ओळखली नव्हती. नोकरीच्या सुरुवातीची काही वर्षं मी मराठवाड्यातल्या एका लहान गावच्या शाखेत काढली. पीककर्ज थकलेला शेतकरी बँकेसमोरून जायचं टाळायचा. बाजाराच्या दिवशी लांबच्या गल्लीनं वळसा घालायचा. आम्ही नोटिसा धाडायचो, दंडव्याज लावायचो. त्यानं तो आणखीच लांब जायचा. आमचे जुने मॅनेजर म्हणायचे, "वसुलीला जाशील तेव्हा आधी प्यायला पाणी माग, हप्त्याचं नंतर काढ." पाणी दिलेल्या घरातला माणूस महिन्याभरात निदान शंभर रुपये भरायला का होईना, शाखेत यायचा. एकदा उंबरा ओलांडला की पुढचं सोपं होई.

दवाखान्याचंही तसंच आहे. न येणाऱ्यांत विसरभोळे असतातच, पण कुणाला मागची फी द्यायची राहिलेली असते, कुणाला "वजन वाढवलंत पुन्हा!" ऐकायचं नसतं, कुणाला रिपोर्टची भीती असते. शिवाय अडचणी आहेतच. रोजंदारीवरच्या माणसाचा एक दिवस म्हणजे एका दिवसाची मजुरी. खेड्यातल्या माणसाला शेवटची एसटी गाठायची असते. आणि घरातल्या आजींची तारीख त्यांच्या हातात नसतेच. मुलाला सुट्टी मिळाली आणि सुनेला सवड झाली, तर आजी दवाखान्यात! त्यातून सहाची वेळ देऊन साडेआठला आत घेणारे दवाखानेही थोडे नाहीत. वेळ पाळायची नसते हे रोगी तिथेच शिकतो.

हा रोग केवळ आपला नाही. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेत उपचार फुकट, तरी हीच तक्रार. तिथल्या काही दवाखान्यांत भिंतीवर पाटी असे, 'गेल्या महिन्यात इतके रुग्ण न कळवता गैरहजर राहिले.' वाचणाऱ्याला वाटायचं, म्हणजे सगळेच असं करतात! २०१२ साली बेडफर्डशायरमधल्या दवाखान्यांतल्या एका प्रयोगाची हकिगत प्रसिद्ध झाली. पुढची तारीख कर्मचाऱ्यानं लिहून न देता रुग्णालाच स्वतःच्या हातानं लिहायला लावली, तेवढ्यानं गैरहजेरी सुमारे १८ टक्क्यांनी घटली. पुढे पाटीही बदलून किती जण वेळेवर आले ते लिहिलं, तेव्हा ती सुमारे ३० टक्क्यांनी उतरली. खर्च किती, तर एका पेनाचा! लंडनच्या एका रुग्णालय समूहात आठवणीच्या संदेशात एका चुकलेल्या भेटीचा सरकारला पडणारा खर्च लिहिला, तर न येणारे ११.१ टक्क्यांवरून ८.४ टक्क्यांवर आले. ही गोष्ट २०१५ ची.

पण आपल्याकडचा धडा मला त्याहून मोठा वाटतो. क्षयाच्या रुग्णाला दोन महिन्यांत बरं वाटतं आणि तो औषध सोडतो, ही जुनी रड. १९९७ पासून देशात टप्प्याटप्प्यानं 'डॉट्स' पद्धत आली. त्यात प्रत्येक रुग्णाच्या नावाचं एक खोकं असे, त्यात त्याचा पूर्ण कोर्स. आठवड्यातून तीनदा कुणाच्या तरी देखरेखीखाली औषध घ्यायचं. तो आला नाही, तर घरी जाऊन चौकशी करायची. औषधं रोज द्यायची पद्धत २०१७ पासून आली आणि आता फोन, संगणकही मदतीला आहेत; पण गाभा तोच. आपण गेलो नाही तर कुणाच्या तरी लक्षात येतं, एवढी जाणीव माणसाला बांधून ठेवते.

त्या संध्याकाळी आत गेल्यावर मी हे सगळं आमच्या डॉक्टरांना ऐकवलं. ते हसले आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही वसुलीतले. सांगा, काय करू?" मी चार गोष्टी सांगितल्या. पुढची तारीख रुग्णाच्या हातानं लिहून घ्या आणि त्या दिवशी बाजार, सण, नातवाची परीक्षा नाही ना, हे तेव्हाच विचारा. आदल्या दिवशी फोन करा. "जमत नाही" म्हणाला तर कुरकुर न करता दुसरी तारीख द्या, म्हणजे रिकामी वेळ दुसऱ्याला मिळेल. दिलेली वेळ स्वतःही पाळा. आणि जो आला नाही त्याला दुसऱ्या दिवशी फोन करा, पण जाब विचारू नका. एवढंच म्हणा, "काल तुमची वाट पाहिली. बरे आहात ना?"

"आणि दंड?" डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, "ऐपत असलेला दंड भरून पुन्हा चुकवेल आणि नसलेला पुन्हा दिसणारच नाही."

डॉक्टरांनी शेवटची गोष्ट लगेच सुरू केली. पुढच्या खेपेला काउंटरवरच्या ताईंनी मला सांगितलं, तो अकरा नंबर म्हणजे एक निवृत्त शिक्षक. पायाला जखम झाली होती, आता बोलणी खावी लागतील म्हणून घरीच हळद लावून बसले होते. मधुमेह्याच्या पायाची जखम चिघळली तर कुठवर जाते, ते त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. फोन गेला, तिसऱ्या दिवशी ते आले. पाय वाचला.

दीड वर्षानं मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा काय काय ऐकावं लागेल याची मनात उजळणी करत गेलो होतो. त्यांनी फाइल उघडली, जुनी तारीख पाहिली आणि म्हणाले, "आलात ना, बरं झालं. बसा." त्यानंतर माझी एकही तारीख चुकलेली नाही.

आज रविवार आहे, घरची सगळी मंडळी घरात असतील. चहा झाला की आईला, वडिलांना, आजोबांना सहज विचारा, "तुमची पुढची तारीख कधी?" उत्तर द्यायला ती अडखळली, तर रागावू नका. उद्या सकाळी दवाखान्यात फोन लावा आणि म्हणा, "मी येतो तुमच्याबरोबर."