उधारीचा दावा दुकानातच तयार होतो

कापडाच्या धंद्यात उधारी टळत नाही. तागे ट्रकमध्ये चढतात, दलाल साठ-नव्वद दिवसांचा वायदा करतो आणि पैसे वर्षानुवर्षे येत नाहीत. मग आपण बिलांची पिशवी वकिलाच्या टेबलावर ठेवून म्हणतो, "साहेब, आता तुम्हीच बघा." चूक इथेच होते.

ही चूक मीही केली आहे. माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. दावा, कैफियत, वकालतनामा हे शब्द मला परके नव्हते. पण इंग्रजीत टाईप केलेल्या दाव्यावर मी न वाचताच सही केली. समोरच्या व्यापाऱ्याने मुदतीच्या आत पंचवीस हजारांचा चेक दिला होता. माझ्या वहीत तो जमा होता, दाव्यात मात्र त्याचा उल्लेख नव्हता. त्याने कैफियतीत एकच मुद्दा घेतला : बिलांची तीन वर्षे उलटली, दावा मुदतबाह्य आहे. दावा दुरुस्त करण्याच्या अर्जात दोन वर्षे गेली. शेवटी निम्म्या रकमेवर तडजोड करावी लागली.

१९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे मालाच्या किमतीसाठी माल दिल्यापासून, आणि उधारीची मुदत ठरलेली असल्यास ती संपल्यापासून, तीन वर्षांत दावा लावावा लागतो. या काळात देणेकऱ्याने सहीनिशी बाकी कबूल केली किंवा चेकने काही रक्कम दिली, तर तेव्हापासून मुदत नव्याने मोजतात. पण ही गोष्ट दाव्यातच लिहावी लागते.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचा नियम साधा आहे : दाव्यात घडलेल्या गोष्टी थोडक्यात लिहाव्यात, पुरावा किंवा कायद्याचे भाषण नको. कोणत्या तारखेला किती माल दिला, बिल कितीचे, जमा किती, बाकी किती, पैसे कधी मागितले, हे क्रमाने आले पाहिजे. दाव्यात जे नाही, त्याचा पुरावा पुढे सहसा विचारात घेतला जात नाही. खालचे सत्यापन तर आपल्याच सहीने होते. मजकूर खोटा निघाला तर जाब आपल्याला द्यावा लागतो.

दावा आपल्यावर झाला, तर कैफियत ३० दिवसांत द्यावी. प्रत्येक कलमाला वेगळे उत्तर हवे. "सर्व खोटे आहे" एवढ्याने भागत नाही. जे स्पष्टपणे नाकारले नाही, ते कबूल धरले जाऊ शकते.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. भागीदारी पेढीची नोंदणी नसेल, तर १९३२ च्या कायद्यानुसार तिला उधारीचा दावा लावता येत नाही. तसेच २०१८ पासून तीन लाख व त्यावरील व्यापारी वाद व्यावसायिक न्यायालयाच्या कक्षेत येतात. तातडीची मागणी नसेल, तर तिथे आधी मध्यस्थीकडे जाणे बंधनकारक आहे.

तेव्हा व्यापारी बांधवांनो, वकिलाकडे जाण्यापूर्वी एका कागदावर तारीखवार हकीकत आपल्या भाषेत लिहून काढा. चलन, बिल्टी, बिले, खातेउतारा यांना क्रमांक द्या. दरवर्षी बाकीच्या कागदावर समोरच्याची सही घ्या. आणि दावा कोणत्याही भाषेत असो, ओळ न् ओळ समजून घेतल्याशिवाय सही करू नका. कायद्याची भाषा वकिलाची असते, पण आपला व्यवहार आपल्यालाच ठाऊक असतो.